चित्रांस वाणी देणारी कला

चेहरा न दाखवितां केवळ आवाजानें केलेला अभिनय कनिष्ठ होय, असें कित्येक म्हणतात. तें आम्हांस मान्य नाहीं. जपानांतील मेगुमी हायाशिबारा या बाईंचेंच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म टोकियो येथें १९६७ सालीं झाला. परिचारिकेचें शिक्षण घेत असतांच त्यांनीं रेखाचित्रांच्या चलच्चित्रांस आवाज देण्याची विद्या अभ्यासिली, व दोन्हींत यश मिळविलें.

१९९५ सालीं 'स्लेयर्स' या मालिकेंत त्या लीना या तापट जादूगारिणीच्या मुखानें बोलल्या. त्याच वर्षीं 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' मालिकेंत रेई या मितभाषी मुलीच्या. एकीस शब्द आवरत नाहींत, तर दुसरीचा भाव दोन शब्दांमधील विरामांत शोधावा लागतो. कंठ एकच, परंतु व्यक्ति अगदीं भिन्न! 'स्लेयर्स'चीं अनेक गीतेंही त्यांनीं गाइलीं, व गायिका म्हणून लौकिक संपादन केला.

अशा चित्रांत रूप चित्रकाराचें असतें; प्राण मात्र वाणीचा. ज्यास मुद्रेचें साह्य नाहीं, त्यास उच्चार, विराम व श्वास यांवरच विसंबावें लागतें. म्हणून ही कला कनिष्ठ नव्हे, अधिक कठीण होय. वर्गांत कविता एका सुरांत घडाघडा म्हणून मोकळे होणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं याचा अवश्य विचार करावा.