हात दाखवा, गाडी थांबवा

एस.टी.वरची ही पाटी आपण सर्वांनीच वाचली आहे. ती प्रवाशांसाठी. पण हात दाखवण्याचा आणखी एक प्रकार मी लहानपणापासून पाहत आलो, तो म्हणजे चालकांचा आपसांतला. माझे वडील एस.टी.त चालक होते. सुट्टीत त्यांच्याच गाडीने आजोळी जाताना मी पुढच्या बाकावर बसे. समोरून लाल गाडी आली की वडिलांचा हात क्षणभर उठे आणि पलीकडच्या काचेआडही एक हात उठे. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. पण हात उठायचाच.

हे आठवले ते मावसबहिणीमुळे. ती इंग्लंडात असते. तिच्या यजमानांनी हौसेने १९७२ सालची फोक्सवॅगन व्हॅन घेतली आहे. ताई फोनवर सांगत होती, "पहिल्याच दिवशी समोरून तसलीच व्हॅन आली आणि आतल्या आजीबाई हात हलवू लागल्या. मला वाटलं, आपलं दार उघडं राहिलंय!" मागाहून तिला कळले की तिकडे ही रीतच आहे. तशी व्हॅन दिसली की हात करायचा आणि ती कडेला बंद पडलेली दिसली, तर थांबून विचारपूस करायची.

या व्हॅनची कल्पना बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने १९४७ साली वहीत रेखाटली आणि १९५० पासून जर्मनीत ती तयार होऊ लागली. इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारे. सुरुवातीला ताकद अवघी २५ अश्वशक्ती. चढ लागला की मागे गाड्यांची रांग! साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी तरुण असल्या व्हॅनमधून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून थेट आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर येत. १९७९ नंतर इराण-अफगाणिस्तानातल्या उलथापालथीने ती वाट बंद झाली.

माझे मत असे की ही रीत त्या गाडीच्या दुबळेपणातून जन्मली. गाडीला नाक नाही, चालक अगदी काचेला लागून बसलेला, वेग बेताचा, त्यामुळे समोरचा चेहरा दिसतो आणि हात करायला सवडही मिळते. शिवाय आज तो अडकला, उद्या मी अडकेन, हे दोघांनाही पक्के माहीत. भरधाव, न बिघडणाऱ्या गाडीतल्या माणसाला कोणाची गरज पडते?

वसतिगृहातले मित्र म्हणतात, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. थोडे खरे आहे. आज त्या जुन्या व्हॅनना भरमसाट किंमत येते. आणि जिथे किंमत आली तिथे सोवळेओवळे आलेच. १९६७ पूर्वीची, दुभागलेल्या काचेची व्हॅन बाळगणारे काही जण नंतरच्या व्हॅनवाल्यांना हात करायला कां-कूं करतात म्हणे. आणि अगदी नव्या व्हॅनला हात करावा की नाही, यावर त्यांच्यात वाद झडतात. मला हा वादच मुळात चुकीचा वाटतो. हात करणे म्हणजे "तू अडलास तर मी थांबेन" असा शब्द देणे. तो शब्द गाडीचे साल पाहून द्यायचा असेल, तर ते हात दाखवून अवलक्षण!

एकदा घाटात एका मालट्रकचे रेडिएटर तापले होते. वडिलांनी एस.टी. थांबवली आणि पाण्याचा कॅन त्या चालकाला दिला. उशीर होतो म्हणून प्रवासी कुरकुरले, मीही त्यांच्यातच. घरी आल्यावर विचारले, "बाबा, तो कुठे तुमच्या एस.टी.तला होता?" ते जेवता जेवता म्हणाले, "पाणी माझ्याकडे होतं ना."

आता ते निवृत्त आहेत. माझ्या स्कूटरवर मागे बसतात. समोरून लाल गाडी आली की त्यांचा हात अजून उठतो. परवा एका तरुण चालकाने उलट हात केला. कोण समजून केला, देव जाणे. पण बाजार येईपर्यंत बाबा त्याच्याविषयीच बोलत होते.