‘कातर रे भाजी!’

आमचा नातू येत्या रविवारीं वक्तृत्वस्पर्धेंत प्रथमच उभा राहणार आहे. एका शब्दानें माणसास निजवून त्याची भीति घालवितात, असें त्यानें कोठें तरी पाहिलें. त्यानें आम्हांस विचारलें, “आजोबा, तसें मला करतां येईल का?” प्रश्न लहान मुलाचा असला तरी उत्तर विचारपूर्वक द्यावयास हवें, म्हणून यंदाच्या लेखांत हाच विषय घेतला आहे.

या विद्येचा एक आद्य आचार्य आपल्या शेजारच्या गोमंतकांतला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पणजीस जुन्या आदिलशाही वाड्याशेजारीं पाद्र्याच्या झग्यांतील एका पुरुषाचा पुतळा आहे. त्याचे हात पुढें पसरलेले असून समोर एक स्त्री मागें कलंडली आहे. तेच आबे फारिया. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनीं घडविलेला हा पुतळा १९४५ सालीं तेथें बसविण्यांत आला.

फारिया यांचा जन्म बारदेशांतील कांदोळी येथें ३१ मे १७५६ रोजीं झाला. घराणें मूळचें ब्राह्मण, पुढें ख्रिस्ती झालेलें. १७७१ सालीं बापलेक लिस्बनला गेले. नंतर रोम येथें धर्मशास्त्राचें अध्ययन करून मुलगा पाद्री झाला. त्याच्याविषयीं एक आख्यायिका सांगतात. लिस्बनला राणीच्या प्रार्थनामंदिरांत प्रवचनास उभें राहतांच, समोरील तो दरबार पाहून त्याची वाचाच बसली. तेव्हां जवळच बसलेला बाप हळूच कोंकणींत म्हणाला, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” म्हणजे समोर माणसें नव्हेत, भाजी आहे, घे आणि चीर. तत्क्षणीं भीति गेली व प्रवचन अस्खलित झालें. फारियांच्या पुढील संशोधनाचें बीज या प्रसंगांत होतें, असें त्यांचे कित्येक चरित्रकार मानतात.

त्या काळीं युरोपांत मेस्मर नामक वैद्याचें मत गाजलें होतें. वैद्याच्या देहांतून कांहीं अदृश्य द्रव रोग्याच्या देहांत वाहतो, असें तो म्हणे. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें नेमलेल्या पंडितांनीं अशा द्रवास पुरावा नाहीं, असा निर्णय दिला. फारियांनीं १८१३ सालीं पॅरिसमध्यें जाहीर प्रयोग आरंभिले, त्यांत असल्या द्रवाचें नांवही नव्हतें. मनुष्यास आसनावर स्वस्थ बसवावें, डोळे मिटून निद्रेचेंच चिंतन करावयास सांगावें, आणि तो स्थिर झालासा दिसतांच खणखणीत आवाजांत ‘निजा!’ अशी आज्ञा करावी, एवढीच त्यांची रीत. कित्येक निजत, कित्येक निजत नसत. त्यावरून त्यांनीं सिद्धान्त काढला तो असा कीं, निद्रेचें कारण निजविणाऱ्यांत नसून निजणाऱ्याच्याच चित्तांत आहे. लोकांनीं मात्र त्यांची टवाळी केली. रंगभूमीवर त्यांचें सोंग आणलें गेलें. १८१९ सालीं त्यांचा ग्रंथ बाहेर पडला व त्याच वर्षीं पॅरिसमध्यें त्यांचा अंत झाला. पुढें फ्रान्सांतील नान्सी येथील बर्नहाइम आदि वैद्यांनीं सूचनेचें तेंच तत्त्व उचलून धरलें.

आज शिक्षित वैद्य व मानसोपचारक वेदना आणि चिंता कमी करण्यासाठीं संमोहनाचा उपयोग करतात. सर्वांवर तें सारखें चालत नाहीं, आणि त्या अवस्थेंत आठवलेल्या गोष्टी खऱ्याच असतात असेंही नाहीं. म्हणून घरीं कोणीं त्याचे खेळ करूं नयेत.

१९७० नंतर अमेरिकेंतून आणखी एक युक्ति पसरली. तिला ते लोक ‘नांगर टाकणें’ म्हणतात. मन प्रसन्न असतांना अंगठा व तर्जनी जुळवावी. असें वारंवार केल्यानें पुढें नुसतीं बोटें जुळवितांच ती प्रसन्नता परत येते, असा त्यांचा दावा. त्याचा गाजावाजा पुराव्यापेक्षां मोठा आहे. तथापि मूळ कल्पना निराधार नव्हे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांना अन्नापूर्वीं ठराविक नाद ऐकवीत. पुढें नुसत्या नादानेंही त्यांस लाळ सुटे. आपल्या घरांत तिन्हीसांजेस देवाजवळ दिवा लागतो, उदबत्तीचा वास दरवळतो, मुलें परवचा म्हणतात. म्हातारपणीं परक्या गांवीं तोच वास आला तर मन क्षणांत निवतें. हाही नांगरच.

परंतु नांगर वाईटही पडतो. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. शब्द चालवावयास उभा राहिला कीं त्याची जीभ अडखळे. एके दिवशीं त्रासून आम्ही म्हणालों, “बैस खालीं! तुला हें जन्मांत यावयाचें नाहीं.” तो बसला, आणि वर्षभर त्यानें तोंड उघडलें नाहीं. लिस्बनच्या बापानें केलें तेंच आम्हीं केलें होतें. ऐन भीतीच्या क्षणीं, थोडक्या शब्दांत, ज्याच्यावर विश्वास त्याच माणसाचा आवाज. फळ मात्र उलट आलें. गेल्या वर्षीं तो भेटला. मोठ्या हुद्द्यावर आहे; वांकून नमस्कार केला. मुलीनें संस्कृत घेतलें आहे ना, असें आम्हीं विचारतां हंसून म्हणाला, “नाहीं गुरुजी, तें आमच्या रक्तांतच नाहीं.” आमचें एक वाक्य दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोंचलें होतें. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

एकत्र कुटुंबांत मूल दिवसभर दहा वडीलमाणसांचे शब्द ऐकतें. ‘वेंधळा’, ‘भित्री’, ‘याच्यानें काय होणार’ हे शब्द आपण सहज टाकतों. मूल ते आज्ञेप्रमाणें उचलतें. तेव्हां तें घाबरलेलें असतां बोलावें थोडें, आपल्या घरगुती भाषेंत, आणि जें व्हावें तेंच बोलावें.

नातवास आम्हीं निजविलें नाहीं. रोज दिवा लागल्यावर तो आजीपुढें उभा राहून भाषण म्हणतो, आणि आरंभापूर्वीं ती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणते, “हं, चीर भाजी!” पहिल्या दिवशीं तो तिसऱ्या वाक्यास अडला होता, काल शेवटपर्यंत गेला. रविवारीं काय होईल तें होवो.

त्या जुन्या विद्यार्थ्यासही आम्हीं पत्र टाकलें आहे. दोष तुझ्या रक्ताचा नव्हता, आमच्या जिभेचा होता. सुटींत मुलीस आमच्याकडे धाड, असें त्यांत लिहिलें आहे. उत्तराची वाट पाहत आहों.