सायकलवाले घाटात, उंबरखिंड बाजूला
रविवारी पहाटे खोपोलीत मुंबई-पुण्याचे सायकलवाले दिसतात. एक्सप्रेस-वेवर सायकलला बंदी, म्हणून जुन्या हायवेनं ट्रक-कंटेनरच्या शेजारून बोरघाट चढायचा. जीव मुठीतच! पालीच्या रस्त्याला थोडेच वळतात. खरं तर २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली ती उंबरखिंड तिकडंच, चावणीजवळ.

सायकलवाला गाडीवाल्यासारखा भुर्रकन जात नाही. त्याला तहान लागते, भूक लागते, टायर पंक्चर होतो. चावणीत बचत गटानं पोहे-भाकरी आणि हवेचा पंप ठेवला तरी चार पैसे गावात राहतील. पण आधी साइडपट्ट्या भरा. खडीवर सायकल घसरते, आणि आपली शाळेची पोरंही त्याच कडेनं चालतात.