विहिरींतले पिकू

हिवताप घरांत शिरला, कीं वडीलधाऱ्या माणसांना प्रथम विहीर आठवते. आणि तें योग्यच आहे. हिवताप वाहणाऱ्या डांसांपैकीं स्टीफेन्साय ही जात विहिरींत व टांक्यांत वाढते. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या गोव्यांतील घरीं असाच प्रसंग आला. धाकट्या पुतणीला दिवसाआड थंडी वाजून ताप येऊं लागला. एका स्नेह्यांनीं बरणीभर ‘गप्पी’ आणून दिले आणि आम्हीं ते नीट न पाहतांच विहिरींत सोडले. पुतणी बरी झाली. परंतु पुढच्या वर्षीं मुलें विहिरींत वांकून पाहूं लागलीं, तों डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले जुने मासे दिसेनात. वडील काकूंनीं विचारलें, “काय रे, आपले पिकू कोठें गेले?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

नवा मासा जाळींत धरून पाहिला, तर तो गप्पीहि नव्हता, गॅम्ब्यूझिया होता. हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. १९२८ सालीं तो इटलींतून आपल्या देशांत आला. डांसांच्या अळ्या तो खातो हें खरें, पण बेडकांचीं अंडीं व इतर माशांचीं पिल्लेंहि खातो, आणि मोठ्या माशांचे पर कुरतडतो.

म्हणून विहिरींत मासा सोडण्यापूर्वीं त्याची जात ओळखावी. चपटें डोकें व वर वळलेलें तोंड दोघांचेंहि असतें. त्यावरून फसूं नये. पिकूच्या डोक्यावरचा चमकता ठिपका काठावरूनहि दिसतो. गॅम्ब्यूझियाला तो नसतो. गॅम्ब्यूझिया व गप्पी यांच्या माद्या जिवंत पिल्लांना जन्म देतात, व नराचा खालचा पर काडीसारखा लांबट असतो. गप्पीचा नर रंगीबेरंगी, गॅम्ब्यूझियाचा करडा. पिकू मात्र पाणवनस्पतींना चिकटणारीं अंडीं घालतो. तीं सुमारें दोन आठवड्यांनीं फुटतात.

आपल्याकडील पिकूंतहि भेद आहेत. लिनिएटस सर्वांत मोठा, सुमारें दहा सेंटिमीटर. त्याच्या अंगावर उभे काळसर पट्टे असतात व मादीचे अधिक ठळक दिसतात. पंचॅक्सच्या पाठीवरील पराच्या बुडाशीं काळा डाग असतो. पण केवळ डागावर विसंबूं नये, लांबीहि पाहावी. ब्लॉकाय सर्वांत लहान, जेमतेम पांच सेंटिमीटर. तरी त्याला कमी लेखूं नये. गोव्यांत झालेल्या व १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, जंतुजन्य औषधाच्या जोडीनें, स्टीफेन्सायविरुद्ध याच माशाची योजना केली होती.

पाळण्यास फार खटपट नको. पसरट भांडें, तरंगत्या वनस्पती आणि वर जाळी एवढें पुरे. जाळी विसरली, तर पिकू उडी मारून बाहेर पडतो. नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवून मग वापरावें. लिनिएटससोबत अगदीं लहान मासे ठेवूं नयेत; तो त्यांना गिळतो. आणि परका मासा ओढ्यांत किंवा तळ्यांत कधींहि सोडूं नये. एकदां सुटला, कीं तो परत बोलावतां येत नाहीं.

हें आम्ही अनुभवानें सांगतों. आमच्या विहिरींतले पाहुणे अद्यापि निघालेले नाहींत. शेताच्या पाटांतून आणलेले पिकू आम्हीं परसांतल्या हौदांत ठेवले आहेत. तीच पुतणी आतां माहेरीं आली, कीं आपल्या मुलाला कडेवर घेऊन हौदाशीं उभी राहते आणि तो चांदीचा ठिपका त्याला दाखविते.