शेत खचले, सातबारा शाबूत



एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणी नाशिकरोडला कोणी पाहिल्या नाहीत? हा कोळसा विदर्भातल्या खाणींतूनही येतो. आपल्यापैकी कित्येकांचे सोयरे चंद्रपूर-वणीकडे आहेत. तिकडच्या शेतीचे काय होते, ते आज पाहू.

उघडी खाण डोळ्यांना दिसते, भूमिगत खाण दिसत नाही. आत कोळशाचेच खांब ठेवून मधला कोळसा काढतात. पुढे बरेचदा ते खांबही काढून घेतात. पोकळीत नदीची वाळू भरली तर वरची जमीन पुष्कळशी टिकते. वाळू भरली नाही तर छत कोसळते आणि वरचे शेत बशीसारखे खाली बसते.

बशीच्या मधोमध पावसाचे पाणी तुंबते. कांद्याच्या वाफ्यात पाणी साचले तर काय होते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, कपाशीचेही तसेच. मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात, पात्या-बोंडे गळतात. काठावर उलटा प्रकार. तिथे जमीन फाटते आणि ओल भेगांतून खाली जाते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण त्या पावसाने मिटतात. या भेगा खालच्या खडकापासून आलेल्या. वरून मिटल्या तरी पुन्हा उघडतात. विहिरीचे पाणीही खाणीकडे उतरते. भेग बुजवायला मुरूम टाकावा तर कसदार माती त्याखाली गाडली जाते. एकाच शेतात इकडे पीक बुडते, तिकडे वाळते, आणि आणेवारी निघते अख्ख्या गावाची!

खरी गोम कायद्यात आहे. कोळसा क्षेत्राच्या १९५७ च्या कायद्याने सरकारला जमीन पूर्ण घेता येते, किंवा वरची जमीन न घेता नुसते खाणकामाचे हक्क घेता येतात. दुसऱ्या प्रकारात सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. मग जमीन गेली असे कागदावर म्हणता येत नाही आणि जमिनीच्या बदल्यात नोकरीचा दावाही उभा राहत नाही. निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या भूमिहीन बाईचे तर नावच कुठे नसते. तिची बुडालेली मजुरी कोणत्या पंचनाम्यात लिहिणार?

२६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात जुन्या खाणीवरचे एक घर साठ-सत्तर फूट खाली गेले. माणसे आधीच बाहेर पडली म्हणून वाचली. त्याची बातमी झाली, पुढारी धावले. शेत दोन-तीन फूट खचले तर तलाठीसुद्धा सवडीने येतो.

म्हणून सोयऱ्यांना एवढे कळवा: भेग दिसताच तारखेसह फोटो काढा. विहिरीची पातळी आणि किती गुंठ्यांत पाणी उभे आहे ते लिहून ठेवा. अर्ज तहसील कचेरीत आणि खाण व्यवस्थापकाकडे, दोन्हीकडे द्या व पोच घ्या. पंचनामा त्याच हंगामात, पीक उभे असतानाच करून घ्या. नांगरट झाल्यावर भेग दाखवायची कुठून?