आभासी वैमानिकांची परीक्षा व परीक्षकांची चूक

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यांत आमच्या दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुट्टींत एक छापील कागद घेऊन आमच्याकडे आला. कागदावर एका परीक्षेचा निकाल होता. प्रश्न वीस; उत्तीर्ण होण्यास सोळा बरोबर पाहिजेत; याचे बरोबर आले पंधरा. ही परीक्षा आमच्या शाळेची नव्हती, शालान्त मंडळाचीही नव्हती. एका आभासी विमान-कंपनींत फर्स्ट ऑफिसरचा कॅप्टन होण्याची ती परीक्षा होती. मुलाची तक्रार एवढीच कीं, एका प्रश्नाचें त्याचें उत्तर बरोबर असून तें चूक धरलें गेलें आहे. आम्हीं प्रथम हंसून कागद बाजूस ठेवला. मग वाचला, आणि वाचल्यावर आम्हांस हंसूं येईना.

ज्या वाचकांस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. संगणकावर विमान चालविण्याचा खेळ जुना आहे. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर प्रथम १९८२ सालीं निघाला. आतां त्यांत खऱ्या विमानाच्या यंत्रफलकावरील कांटे, कळा व दिवे इतके हुबेहूब दाखवितात कीं, खेळ कोठें संपला व अभ्यास कोठें सुरू झाला हें सांगणें कठीण व्हावें. जगभरच्या हौशी मंडळींनीं एकत्र येऊन या खेळांत विमान-कंपन्या स्थापिल्या आहेत. तेथें पगार नाहीं, तिकीट नाहीं, उतारू नाहींत. परंतु वेळापत्रक आहे, प्रत्येक उड्डाणाची नोंद आहे, हुद्दे आहेत, आणि हुद्दा वाढेल तसें मोठें विमान मिळतें. २००१ सालीं स्थापन झालेल्या व्हॅट्सिमसारख्या जाळ्यावर दुसरे हौशी लोक नियंत्रक होऊन बसतात व या वैमानिकांस आवाजानें आज्ञा देतात. कांहीं कंपन्या नुसत्या उड्डाणाच्या तासांवर बढती देतात. कांहीं लेखी परीक्षा घेतात. आमचा विद्यार्थी दुसऱ्या प्रकारच्या कंपनींत आहे. ती इटलींतील मार्गांवर विमानें चालविते. पंख्यांच्या लहान विमानावर त्यानें वर्षभर तास भरले होते, आणि ही परीक्षा उतरला असता तर त्याला जेट विमान मिळावयाचें होतें.

वादाचा प्रश्न असा होता. व्हेनिसहून सार्डिनिया बेटावरील कालियारीस जाणारें विमान २०० अंशांच्या चुंबकीय मार्गावर आहे. त्यानें कोणती पातळी घ्यावी? पर्यायांत ३३० व ३४० हे दोनच विचारांत घेण्याजोगे होते. समोरासमोर येणारीं विमानें एकमेकांवर आदळूं नयेत म्हणून एका अर्धवर्तुळांतील दिशांस विषम पातळ्या व दुसऱ्यांतील दिशांस सम पातळ्या नेमून दिलेल्या असतात. बहुतेक देशांत हें वर्तुळ उत्तर-दक्षिण रेघेनें कापतात: ० पासून १७९ अंशांपर्यंत विषम, १८० पासून ३५९ पर्यंत सम. नागपुराहून हैदराबादेस जाणारें विमान सुमारें १९० अंशांवर जातें, म्हणून तें सम पातळी घेतें. आमचा विद्यार्थी हा नियम याच उदाहरणावर शिकला होता. परंतु इटली हा देश उभा व लांबट. तेथील बरीच वाहतूक उत्तरेकडून दक्षिणेकडे व दक्षिणेकडून उत्तरेकडे चालते. यास्तव तेथें वर्तुळ आडवें कापलें आहे: ९० पासून २६९ अंशांपर्यंत विषम, बाकीच्या दिशांस सम. म्हणजे कालियारीच्या विमानाची पातळी ३३०. मुलानें तेंच उत्तर दिलें. उत्तरसूचींत ३४० होतें.

त्यानें कंपनीस नम्रपणें पत्र लिहिलें. उत्तर आलें कीं, उत्तरसूची अंतिम आहे, चौदा दिवसांनीं पुन्हां परीक्षा द्यावी. प्रश्न तेच येणार हें त्याला मित्रांकडून कळलें होतें. तेव्हां त्यानें आम्हांस विचारलें, “सर, आतां मी मुद्दाम ३४० लिहूं काय?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथल्या तेथें देतां आलें नाहीं, आणि म्हणूनच हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों आहों. हा तर खेळ, त्यांत एवढें काय मनावर घ्यावयाचें, असें कोणी म्हणेल. परंतु मुलानें हा खेळ खेळ म्हणून घेतलेला नाहीं. वर्षभर रात्रीचें जेवण झाल्यावर एक तास बसून त्यानें हवामानाचे सांकेतिक अहवाल वाचावयास शिकून घेतलें, इटलीचे नकाशे पाहिले, व आमच्या भूगोलाच्या तासाला जें आम्हांस जमलें नाहीं तें, म्हणजे चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील भेद, आपल्या आपण समजून घेतलें. अशा मुलास परीक्षक जेव्हां सांगतो कीं खरें काय तें महत्त्वाचें नाहीं, आमच्या कागदावर काय आहे तें महत्त्वाचें, तेव्हां विमान खोटें असलें तरी शिकवण खरीच मिळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या कंपन्या चालविणारी मंडळी विनावेतन काम करितात. नोकरी-धंदा सांभाळून ते प्रश्न काढतात, नोंदी ठेवतात, नवख्यांस शिकवितात. त्यांच्यावर टीका करणें आम्हांस जड जातें. परंतु पगार न घेणाऱ्यास चूक माफ असावी हें जितकें खरें, तितकेंच हेंही खरें कीं चूक दाखविल्यावर ती दुरुस्त करण्यास पगार लागत नाहीं.

चुका होतात कशा, हें पाहण्यासारखें आहे. इटलीच्या प्रश्नांतील चूक सर्वसाधारण नियम विशेष ठिकाणीं लावण्याची. दुसरी चूक काळाची. विमानविद्येचे नियम बदलत असतात आणि प्रश्नसंच बदलत नाहींत. पूर्वी २९,००० फुटांच्या वर दोन विमानांत २,००० फुटांचें उभें अंतर ठेवीत. ४१,००० फुटांपर्यंत तें १,००० फूट करण्याचा नियम युरोपांत २००२ सालीं, भारतांत २००३ सालीं व अमेरिकेंत २००५ सालीं अमलांत आला. धावपट्टीवर येऊन थांबण्याची आज्ञा अमेरिकेंत ‘पोझिशन अँड होल्ड’ या शब्दांनीं देत असत. ३० सप्टेंबर २०१० पासून तिच्याऐवजीं ‘लाइन अप अँड वेट’ असें म्हणूं लागले. ज्यानें प्रश्न २००१ सालीं काढला व नंतर उघडून पाहिला नाहीं, तो जुनी पोथी वाचलेल्यास बढती देईल आणि नवी वाचलेल्यास नापास करील. तिसरी चूक स्थूलमानाची. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलनें कमी होण्यास किती फूट वर जावें लागतें? समुद्रसपाटीजवळ सुमारें २७; वैमानिक तोंडी हिशेबाला ३० धरतात. पर्यायांत दोन्ही आंकडे ठेवून एकच बरोबर म्हणणें म्हणजे विद्यार्थ्यानें कोणतें पुस्तक वाचलें याची परीक्षा घेणें होय.

आणि मापांविषयीं तर सांगावयासच नको. २३ जुलै १९८३ रोजीं एअर कॅनडाचें एक बोइंग ७६७ विमान ४१,००० फुटांवर असतां त्याचें इंधन संपलें. किलोग्रॅमच्या ठिकाणीं पौंडाचा गुणक वापरल्यामुळें पाहिजे त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरलें गेलें होतें. वैमानिकांनीं तें गिमली येथील जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरविलें व सर्वांचे प्राण वांचले. हा प्रसंग बहुतेक आभासी वैमानिकांस तोंडपाठ असतो. तरीही इंधनाच्या प्रश्नांत परिमाण न लिहिणारे परीक्षक त्यांच्यांतच निघतात!

भाषेचा मुद्दा आम्हांस मराठी शाळेंतील शिक्षक म्हणून टोचतो. हे प्रश्न बहुधा इंग्रजींत असतात, आणि ‘पुढीलपैकीं कोणतें विधान चूक नाहीं असें म्हणतां येणार नाहीं’ या थाटाचीं वाक्यें त्यांत असतात. त्यांत विमान कोठें आलें?

आतां गणित. वीस प्रश्नांच्या परीक्षेंत एक प्रश्न म्हणजे शंभरांत पांच गुण. अमेरिकेंत खऱ्या वैमानिकाच्या लेखी परीक्षेला शंभरांत ७० गुण लागतात, भारतांतही ७०, युरोपांत ७५. या कंपनीनें ८० मागितले. उच्च अपेक्षा ठेवण्यास आमची हरकत नाहीं. पण अपेक्षा जितकी उंच तितकी उत्तरसूची निर्दोष पाहिजे. इटलीचा नियम मुळींच न वाचलेला दुसरा एखादा उमेदवार याच प्रश्नावर गुण मिळवून सोळांवर पोंचला असेल, व आज जेट विमान चालवीत असेल. आमचा विद्यार्थी नापास झाला याहून हें आम्हांस अधिक खटकतें, कारण त्या दुसऱ्यास आपण चुकलों हें कधींच कळणार नाहीं.

मोठ्या परीक्षांत हाच तंटा न्यायालयांपर्यंत गेला आहे. १९८३ सालीं कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, उत्तरसूची बरोबर आहे असें गृहीत धरावें, परंतु ती चूक असल्याचें स्पष्ट सिद्ध झाल्यास त्याचा दंड विद्यार्थ्यास होऊं नये. संशयित प्रश्न वेळींच वगळावा व त्यास गुण ठेवूं नयेत. २०१७ च्या एका निकालांत त्याच न्यायालयानें हेंही म्हटलें कीं, नुसता संशय असेल तर लाभ परीक्षा घेणाऱ्या संस्थेस द्यावा. आमच्या मतें दोन्ही गोष्टी योग्य आहेत, व आमच्या विद्यार्थ्याचें प्रकरण पहिल्या प्रकारांत मोडतें. इटलीचा नियम छापील आहे, त्यांत संशयास जागा नाहीं. पुढें २०२४ च्या नीट परीक्षेंत भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरें बरोबर धरलीं गेलीं, कारण जुन्या पाठ्यपुस्तकांत एक विधान होतें व नव्यांत तें नव्हतें. न्यायालयानें दिल्लीच्या आय. आय. टी. तील तज्ज्ञांचें मत घेतलें, एकच उत्तर कायम झालें, आणि पूर्ण गुण मिळविणाऱ्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली. तेथें जागा मोजक्या असल्यामुळें दिलेले गुण परत घेणें भाग होतें. आभासी कंपनींत कॅप्टनच्या जागा मोजक्या नसतात. म्हणून चुकीच्या उत्तरावर जे वर चढले त्यांना खालीं ओढूं नये, फक्त जे अडले त्यांना वर घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

हें सर्व आम्ही मोठ्या तोऱ्यानें लिहीत आहों असें वाटूं नये. २००७ सालीं, आम्ही शिक्षक म्हणून नवे असतां, घटक-चांचणीची प्रश्नपत्रिका आम्हीं आळसानें जुन्या गठ्ठ्यांतून काढली. तींत सूर्यमालेंतील ग्रहांची संख्या विचारली होती व आमच्या सूचींत उत्तर नऊ होतें. प्लूटोला ग्रहांतून वगळल्याला तेव्हां वर्ष होत आलें होतें. वर्गांतील एका मुलीनें आठ लिहिलें. आम्हीं गुण कापला. ती वर्तमानपत्राचें कात्रण घेऊन आली तेव्हां आम्हीं तिला म्हटलें, “पुस्तकांत नऊ आहेत ना?” दोन दिवसांनीं आम्हांस लाज वाटून तिचा गुण आम्हीं वाढविला, आणि आपण फार न्यायी आहों असें समजून स्वस्थ बसलों. परंतु आठ लिहिणारीं आणखीहि मुलें त्या गठ्ठ्यांत होतीं. तीं तक्रार घेऊन आलीं नाहींत, म्हणून त्यांचे गुण तसेच राहिले. पेपर पुन्हां तपासावे हें आम्हांस सुचलें नाहीं; खरें सांगावयाचें तर सुचलें होतें, पण गठ्ठा मोठा होता.

त्या अनुभवावरून आम्ही एवढेंच मागतों कीं, दुरुस्ती करावयाची ती तक्रार करणाऱ्यापुरती करूं नये. प्रश्न चूक ठरला कीं तो ज्यांनीं ज्यांनीं सोडविला त्या सर्वांचे गुण पुन्हां मोजावे. संगणकाला हें काम क्षणाचें आहे, आमच्या गठ्ठ्यासारखें नव्हे. प्रत्येक प्रश्नाखालीं तो कोणत्या देशाच्या, कोणत्या सालच्या नियमावर आधारलेला आहे हें लिहावें. तक्रार प्रश्न काढणाऱ्याखेरीज दुसऱ्यानें पाहावी. परीक्षा झाल्यावर उत्तरसूची उमेदवारास दाखवावी. प्रश्न फुटतील ही भीति असेल तर अधिक प्रश्न काढावे. घरीं बसून पुस्तकें उघडीं ठेवून परीक्षा देणारेही आहेतच, पण त्यावर उत्तरसूची लपविणें हा कांहीं उपाय नव्हे.

उरला आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. ३४० लिही, असें आमच्यानें त्याला सांगवलें नाहीं. ३३० च लिही, असें सांगणेंही सोपें नाहीं, कारण त्याची किंमत तो देणार, आम्ही नव्हे. आम्हीं त्याला इटलीच्या सरकारी विमान-माहितीपत्रकांतील त्या पातळ्यांचें कोष्टक शोधून काढावयास लावलें व दुसरें पत्र लिहविलें. पहिल्या पत्रांत ‘माझें उत्तर बरोबर आहे’ असें होतें. दुसऱ्यांत ‘हा प्रश्न ज्यांनीं ज्यांनीं सोडविला त्या सर्वांचे गुण पाहावे’ असें आहे. तें वाक्य त्याचें स्वतःचें आहे, आम्हीं घातलेलें नाहीं. हा अंक छापावयास जात असतां पत्राचें उत्तर आलेलें नाहीं, आणि त्याचे चौदा दिवस येत्या शुक्रवारीं पुरे होतात.