टीबी म्हणू नका, सिलिकोसिस लिहा!

नर्मदेपलीकडच्या झाबुआ, अलीराजपूर, धार जिल्ह्यांतले आपले भिल-भिलाला भाऊबंद गुजरातेत गोध्रा, बालासिनोरकडे गारगोटी दळायच्या कारखान्यांत गेले. धडधाकट गेले, दम घेत परत आले. कित्येक मेले. डॉक्टर म्हणतो टीबी. मालक म्हणतो दारू. आम्ही म्हणतो सिलिकोसिस.

गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. तिथं वण पडतात, फुप्फुस आखडतं. ते परत बरं होत नाही. काम सोडलं तरी आजार वाढू शकतो. तोंडाला बांधलेलं फडकं ही धूळ अडवत नाही.

ओळखायचं कसं? कोरडा खोकला. आधी चढावर दम, मग सपाटीला, मग बसल्या जागी. वजन उतरतं, छाती दुखते. या धुळीनं टीबीसुद्धा लवकर धरतो. म्हणून थुंकी तपासाच, टीबी निघाला तर गोळ्या पुऱ्या करा. पण थुंकीत काही नाही, गोळ्या खाऊनही दम वाढतोय, तर डॉक्टरला ठणकावून सांगा: गारगोटी दळत होतो, एक्स-रे काढा आणि कागदावर लिहा.

लिहायला हात का थरथरतो? 1948 च्या कारखाना कायद्यानं सिलिकोसिसची खबर सरकारला देणं डॉक्टरवर बंधनकारक केलं होतं. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात हा आजार होता. टीबी लिहिलं की मालक सुटला. हजेरीत नाव नाही, म्हणजे आमचा मजूर नव्हताच!

पण याद्या झाल्या, लोक लढले. नोव्हेंबर 2010 मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं गुजरात सरकारला सांगितलं: मेलेल्या 238 जणांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख द्या. ही मेहेरबानी नव्हे.

तेव्हा आपल्याही गावात वही घाला. कोण कुठल्या कारखान्यात, खडी मशीनवर गेला, मुकादम कोण, किती महिने काम केलं. दर महिन्याला वजन, किती चालल्यावर दम लागतो. एक्स-रेची फिल्म जपून ठेवा, मुकादमाच्या हाती देऊ नका.

आणि मुळाशी चला. हौसेनं कोणी गारगोटी दळत नाही. वनहक्काचा दावा अडकला, कसती जमीन जंगलखात्यानं अडवली, की घरातला एक गडी मुकादमाच्या गाडीत बसतो. जमीन हिसकावणारे आणि धूळ चारणारे वेगळे नाहीत. भरपाई घेऊच. पण आमची मागणी जमिनीची आहे!